स्पॅनिश शिकायला परदेशी जा, पण मैत्रीण वेगळ्या घरात राहू द्या

प्रश्न: माझं वय ५६. हिशेब खात्यातली नोकरी सोडून गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. दोन वर्षांपासून स्पॅनिश शिकतेय, आधी मोबाइलवर, मग शनिवार-रविवारच्या वर्गात. ए-टू, म्हणजे सहांपैकी दुसऱ्या पातळीपर्यंतचं व्याकरण झालंय. लेखी परीक्षेत गुण चांगले पडतात, पण समोर माणूस आला की दातखीळ बसते. आता तीन महिने स्पेनला जाऊन शिकायचं मनात आहे. बार्सिलोना डोळ्यासमोर आहे, कारण शहर बघायचीही हौस आहे. वर्गातली एक मैत्रीण यायला तयार आहे. दोघी मिळून फ्लॅट घेतला तर सोबत होईल आणि खर्चही वाटला जाईल. दीर म्हणतात, या वयात नवी भाषा जिभेवर बसत नाही, तेवढ्या पैशांत छान फिरून या. मुलगी म्हणते, घरबसल्या ऑनलाइन शिक्षक लाव. खरं सांगायचं तर माझी भीती निराळीच आहे. विशीतल्या पोरापोरींच्या वर्गात मी एकटी म्हातारी, प्रत्येक वाक्याला अडखळणारी. काय करू?
— मागच्या बाकावरची

ताई,

जा. दिरांचं ऐकू नका, मुलीचं अर्धं ऐका आणि मैत्रिणीबरोबर फ्लॅट मात्र अजिबात घेऊ नका. बार्सिलोनाबद्दलही तुमचं मन वळवायचा विचार आहे, पण ते ओघाने.

आधी दिरांचा मुद्दा निकालात काढू. १९७८ साली कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागल-होले या संशोधकांनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डच भाषा कोण लवकर उचलतं, हे त्यांना पाहायचं होतं. सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यांत मागे होती ती अगदी लहान मुलं. बारा ते पंधरा वर्षांची मुलं आणि मोठी माणसं त्यांच्या पुढे होती. पुढे लहान मुलं भरून काढतात आणि उच्चारात तर मोठ्यांना मागे टाकतात, हे खरंच आहे. पण तुम्हाला माद्रिदच्या टीव्हीवर बातम्या द्यायच्या नाहीयेत. तुमच्या बोलण्याला परका बाज राहील, तो राहू द्या. नियम समजून घेणं, दोन गोष्टींतलं साम्य हेरणं, टिपण काढणं आणि रोज नेमाने बसणं या कामांत हिशेब खात्यात आयुष्य घालवलेल्या बाईला विशीतला मुलगा काय टक्कर देणार?

वयाने खरा फरक पडतो तो दोन ठिकाणी, आणि त्यांबद्दल कुणी बोलत नाही. पहिलं म्हणजे कान. पन्नाशीनंतर बऱ्याच जणांना गोंगाटात शब्द वेगळे काढता येत नाहीत आणि स, फ असे बारीक आवाज आधी निसटतात. स्पॅनिशमध्ये शब्दाच्या शेवटच्या ‘स’वर अनेकवचन ठरतं, क्रियापदाचा ‘तू’ ठरतो. त्यात फरशीच्या भिंती, कॉफी यंत्राचा फुसफुसाट आणि एकाच वेळी बोलणारी सहा माणसं असलेल्या स्पॅनिश बारमध्ये बसलात की तुम्हाला वाटणार, आपल्याला काहीच येत नाही. प्रत्यक्षात तुम्हाला ऐकू आलेलं नसतं. निघण्याआधी कान तपासून घ्या. वर्गात शिक्षकासमोरची जागा धरा आणि गप्पा मारायला बाकडं, बाग किंवा दुपारचं रिकामं कॅफे निवडा.

दुसरी गोष्ट दमाची. दिवसभर परक्या भाषेत राहिलं की संध्याकाळी डोकं अक्षरशः बंद पडतं आणि सकाळी येत असलेलं वाक्यही तेव्हा सुचत नाही. यात घाबरण्यासारखं काही नाही. झोपा. दुपारी दोन ते पाच निम्मं स्पेन दुकानं बंद करून बसतं, तेव्हा तुम्हीही पडा. रात्रीचं जेवण नऊ-साडेनऊच्या आधी मिळत नाही, आणि त्याच वेळी घरातले सगळे बोलायच्या रंगात असतात. त्या वेळेसाठी ताकद राखून ठेवायला हवी.

आता आकडे, तुमच्या आवडीचा विषय. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषक अधिकाऱ्यांना कामापुरतं चांगलं स्पॅनिश यायला ६०० ते ७५० तासांचे वर्ग धरते, घरचा अभ्यास वेगळा. तुम्ही बारा आठवडे, आठवड्याला २० तास गेलात तर होतात २४०. त्यातही बऱ्याच शाळांचा ‘तास’ ५०-५५ मिनिटांचा असतो, काही ठिकाणी ४५ मिनिटांचा. हे आधी विचारून घ्या. म्हणजे नुसत्या वर्गाच्या भरवशावर तीन महिन्यांत अस्खलित होणं या गणितात बसत नाही. तशी जाहिरात करणारी शाळा दिसली तर पुढच्या शाळेकडे वळा.

आणखी एक हिशेब मांडू. आठ जणांच्या वर्गात चार तासांपैकी निम्मा वेळ शिक्षक बोलला असं धरलं तर उरलेल्या दोन तासांत तुमच्या वाट्याला येतात पंधरा मिनिटं. त्यात तुम्ही लाजाळू, म्हणजे दहाच. तुमची दातखीळ या दहा मिनिटांनी सुटणार नाही. ती सुटेल वर्गाबाहेरच्या तीन-चार तासांत, जिथे बोलल्यावाचून काम अडतं. म्हणून शाळा कोणती यापेक्षा तुम्ही कुणाच्या घरात राहता आणि दुपारनंतर कुणाबरोबर असता, याला मी जास्त महत्त्व देते. परदेशी जाण्याचा पैसा तुम्ही त्या तासांसाठी मोजणार आहात. व्याकरण काय, मुलगी म्हणते तसं ऑनलाइनही शिकता येतं. मुलीचं ते अर्धं ऐका म्हणाले ते यासाठी. निघण्याआधी तीन महिने आठवड्यातून तीनदा एकास-एक ऑनलाइन शिक्षक लावा आणि त्याला आधीच बजावून सांगा की पुस्तक उघडायचं नाही, फक्त गप्पा मारायच्या. तिथे पोचल्यावर पहिले तीन आठवडे जीभ सैल करण्यात जाऊ नयेत.

इथेच मैत्रिणीचा प्रश्न येतो. ती कितीही जिवाभावाची असली तरी दोन मराठी बायका एका स्वयंपाकघरात स्पॅनिश बोलत राहतील, यावर माझा काडीचा विश्वास नाही. पहिले दोन दिवस हौसेने बोलाल. तिसऱ्या दिवशी गॅस पेटत नाही किंवा घरमालकाचं बिल कळत नाही, की झालं सुरू मराठी. मग दिवसभरातल्या फजित्या एकमेकींना सांगण्यात रात्र जाईल. ती रात्र मजेची असेल, पण स्पॅनिशच्या दृष्टीने वाया. शिवाय दोघी बरोबर असलात की तिसरा माणूस जवळ येत नाही. एकट्या बसलेल्या बाईशी बाकावरची आजी आपणहून बोलते, आपापसांत बोलणाऱ्या दोघींशी ती कशाला बोलेल? मैत्रीण येऊ द्या, त्याच गावात येऊ द्या, पण घर वेगळं, वर्ग वेगळा. खर्च वाटून घ्यायचाच तर सहलींचा घ्या. रविवारी भेटा आणि पोटभर मराठी बोला, त्याचीही गरज असते.

घर म्हणजे यजमान कुटुंब. बहुतेक शाळा ते ठरवून देतात, पण ‘कुटुंब’ या शब्दावर विसंबू नका. अनेकदा ती एकटी राहणारी, मुलं मोठी होऊन गेलेली बाई असते आणि तीन खोल्यांत तीन देशांचे विद्यार्थी ठेवते. ती उत्तम यजमान असू शकते. तुमच्याच वयाची असेल तर सोन्याहून पिवळं. पण जेवणाच्या टेबलावर जर्मन, कोरियन आणि तुम्ही असाल तर इंग्रजी सुरू व्हायला वेळ लागत नाही. म्हणून शाळेला लेखी विचारा: माझ्या मुक्कामात घरात आणखी किती परदेशी विद्यार्थी असतील? जेवायला घरातलं कोण सोबत बसतं, की ताट झाकून ठेवलेलं असतं? घर कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का? या प्रश्नांची उत्तरं मोघम आली तर शाळाही मोघमच असते, असा माझा आडाखा आहे.

मांसाहार करत नसाल तर तेही आधीच आणि फोड करून कळवा. ‘मी मांस खात नाही’ एवढंच सांगितलंत तर ‘कार्ने’ म्हणजे लाल मांस असं समजून कोंबडी, मासे आणि डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे बिनदिक्कत पानात येतात. साध्या सॅलडवर टूना मासा असणं तर नेहमीचंच. ‘नि पोयो, नि पेस्कादो, नि आतून, नि हामोन’, म्हणजे कोंबडी नाही, मासा नाही, टूना नाही, हॅम नाही. हे वाक्य पाठच करा.

आता बार्सिलोना. शहर सुंदर आहे, पाच-सहा दिवस जरूर राहून या. पण तिथे कातालानही अधिकृत भाषा आहे. दुकानाच्या पाट्या, शाळा, शेजाऱ्यांच्या आपसातल्या गप्पा, बरंच काही कातालानमध्ये चालतं. तुमच्याशी लोक स्पॅनिश बोलतील, पण तुमच्या कानावर आयतं पडणारं बोलणं निम्मं दुसऱ्याच भाषेतलं असेल. भरीला पर्यटक इतके, की तुम्ही अडखळलात की समोरचा चटकन इंग्रजीवर येणार. तुमच्यासारखीला तो चटकन येणारा मदतीचा हातच नडतो.

त्याऐवजी सालामांका, वायादोलिद, बुर्गोस किंवा माद्रिदजवळचं आल्काला दे एनारेस बघा. सालामांकाचं विद्यापीठ १२१८ सालचं आहे आणि परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवणं हा तिथला जुना उद्योग. गाव चालत ओलांडता येतं. थंडी मात्र कडक असते, समुद्रसपाटीपासून ८०० मीटरवर आहे ते. ‘इथलं स्पॅनिश सर्वांत शुद्ध’ असं या भागातल्या शाळा जाहिरातीत सांगतात, त्याकडे काणाडोळा करा. मी ही गावं सुचवते त्याचं कारण साधं आहे: इथे बोलणं तुलनेने स्पष्ट असतं आणि शेवटचा ‘स’ गिळला जात नाही. आंदालुसियात, म्हणजे दक्षिण स्पेनमध्ये, तो सर्रास गिळतात. तिथलं ग्रानादा मला फार आवडतं, पण तुमचा कान तयार होईपर्यंत थांबा. तिथल्या अल्बाइसीन भागातले दगडी चढ गुडघ्यांची परीक्षा घेतात, तेही लक्षात असू द्या.

स्पेनच हवं असा हट्ट नसेल तर मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशातल्या अँतिग्वा गावाचा विचार करा. तुमचा रोग आणि तिथलं औषध अगदी जुळतं. अंगणात छोटी टेबलं मांडलेली, एका बाजूला शिक्षिका, दुसऱ्या बाजूला तुम्ही, रोज चार ते पाच तास. लपायला मागचा बाकच नाही! एकास-एक शिकवणी आणि घरातलं राहणं मिळून खर्च स्पेनमधल्या गटवर्गापेक्षा बहुधा कमीच येतो. अँतिग्वात परदेशी लोक बरेच असतात. ते टाळायचे तर केत्साल्तेनांगो, ज्याला तिथले लोक ‘शेला’ म्हणतात. पण ते २,३०० मीटरच्या वर आहे, रात्री गारठा असतो. उंचीचा हा मुद्दा दक्षिण अमेरिकेत आणखी वाढतो. इक्वेडोरमधलं किटो २,८५० मीटर, पेरूमधलं कुस्को ३,४०० मीटर. रक्तदाब किंवा श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिथे शाळा घेऊ नका. आणि लॅटिन अमेरिकेला जाताना वाटेत अमेरिकेत विमान बदलायचं असेल तर एक लक्षात घ्या: ज्यांना अमेरिकेचा व्हिसा लागतो, त्यांना तो नुसतं विमान बदलायलाही लागतो.

‘मग मी कुठलं स्पॅनिश शिकू, तिकडचं की इकडचं?’ असा पुढचा प्रश्न तुम्ही विचाराल. त्यात अडकू नका. ‘धन्यवाद’साठी स्पेनमध्ये ‘ग्राथियास’ ऐकाल, मेक्सिकोत ‘ग्रासियास’. स्पेनमध्ये ओळखीच्या चारचौघांना ‘बोसोत्रोस’ (तुम्ही) म्हणतात, लॅटिन अमेरिकेत सगळ्यांना ‘उस्तेदेस’. ग्वाटेमालात आणि आर्जेन्टिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’ ऐकू येईल. महिनाभरात कान सरावतो.

तुम्ही मराठी आहात, याचा फायदा तुमच्या शिक्षकांनी तुम्हाला बहुधा सांगितलेला नसेल, कारण पुस्तकं इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेली असतात. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे ‘मला कॉफी आवडते’. इंग्रजीवाले या रचनेवर आठवडे घालवतात, तुम्हाला ती जन्मापासून येते. ‘काल मंडईत गेले’ आणि ‘लहानपणी रोज मंडईत जायचे’ यातला फरक तुम्ही विचार न करता करता. स्पॅनिशचे ते दोन कुप्रसिद्ध भूतकाळ बरेचसे तिथेच बसतात. ‘तिने यावं अशी माझी इच्छा आहे’ यातलं ‘यावं’ ओळखीचं आहे ना? मग ‘किएरो के बेंगा’ला घाबरायचं कारण नाही. स्पॅनिशचे त आणि द मराठीसारखेच दातांना जीभ लावून होतात. तेव्हा मनात वाक्य आधी इंग्रजीत जुळवून मग स्पॅनिशमध्ये उलटवायची सवय असेल तर ती मोडा. तुमची दातखीळ काही अंशी या वळशामुळेही असेल. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ हे दोन ‘असणं’ मात्र मराठी तुम्हाला सोडवून देणार नाही, ती मेहनत आहेच.

वर्गाबद्दल. सोमवारी सकाळी पातळी ठरवायची चाचणी होते. तुमच्यासारख्या लोकांचा घोळ नेमका तिथे होतो. लेखी पेपर तुम्ही झकास सोडवता, म्हणून वरच्या वर्गात पडता. तिथली मुलं व्याकरणात धडपडतात पण भडाभडा बोलतात, आणि तुम्ही तोंड मिटून बसता. तोंडी चाचणी द्यायचा आग्रह धरा. बुधवारपर्यंत वर्ग झेपत नाही असं वाटलं तर बदलून मागा. शाळांना याची सवय असते, कुणी वाईट वाटून घेत नाही. सुरुवातीचे चार आठवडे सकाळी गटवर्ग आणि दुपारी एक तास एकास-एक, असं मिश्रण मला तुमच्यासाठी योग्य वाटतं.

विशीतल्या मुलांची भीती. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर ती रास्त आहे. तेव्हा शाळा सुट्टीत आलेल्या पोरांनी भरतात आणि दक्षिण स्पेनमध्ये उन्हाचा पारा ४० अंशांना टेकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. तेव्हा नोकरीतून रजा काढून आलेले आणि निवृत्त झालेले लोक वर्गात बरेच दिसतात. काही शाळा पन्नाशीपुढच्यांसाठी वेगळे गट काढतात. माझं त्याबद्दल मत फारसं चांगलं नाही. माणसं भली असतात, सहलीही छान होतात, पण सगळे परदेशी, सगळ्यांना इंग्रजी येतं, आणि दुपारी बसमध्ये स्पॅनिशचा मागमूस नसतो. दोन आठवडे ठीक, त्यापुढे नको. आणि त्या पोरांचं म्हणाल तर ती तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत, ताई. त्यांना स्वतःच्या अडखळण्याची आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीची काळजी असते.

लाज वाटते ती वेगळ्या कारणाने. ज्या बाईच्या सहीने हिशेब पुढे जायचे, तिला आज पाच वर्षांच्या मुलाच्या वाक्यात बोलावं लागतं. हुशार, बोलक्या, हुद्द्यावरच्या माणसांना हे सर्वांत जास्त बोचतं. मी शिकवते त्या प्रौढांच्या वर्गात डॉक्टर आणि वकीलच सगळ्यांत गप्प असतात. यावर उपदेश करून उपयोग नाही, तयारीचा होतो. तिथे भेटणारा प्रत्येक माणूस तेच पाच प्रश्न विचारतो: कुठच्या तुम्ही, काय काम करता, मुलं किती, स्पॅनिश कशासाठी, इथलं काय आवडलं. त्यांची उत्तरं इथेच तयार करा. दोन वाक्यांची नकोत, गोष्टीसारखी हवीत. ऑफिसात एकदा हिशेब जुळेना तेव्हा काय झालं, अशी एखादी गंमत ऑनलाइन शिक्षकासमोर घासूनपुसून पाठ होईपर्यंत सांगा. समोरचा माणूस हसला की पुढचं वाक्य आपोआप निघतं. आणि चुका सुधारायला सांगताना सगळ्या सुधारा असं म्हणू नका. ‘आज फक्त माझे भूतकाळ सुधार’ असं सांगा. नाहीतर दर तिसऱ्या शब्दाला टोकलं जाऊन तुम्ही पुन्हा गप्प व्हाल.

रोजच्या सरावाची माझी आवडती जागा सांगते. सालामांकात जुनी मंडई भर चौकाला, प्लासा मायोरला लागून आहे. वर्ग एक-दीडला सुटतो तेव्हा ती अजून उघडी असते. स्पेनमध्ये अशा ठेल्यांपुढे रांग अशी दिसत नाही, बायका कुठेही विखरून उभ्या असतात. नवी आलेली मोठ्याने विचारते, ‘क्येन एस ला उल्तिमा?’, शेवटची कोण? कुणीतरी हात वर न करताच म्हणते, ‘यो’. मी. झालं, तुमचा नंबर तिच्यानंतर. मग आणखी कुणी येते, तोच प्रश्न टाकते आणि आता ‘यो’ तुम्ही म्हणायचं. इतकं छोटं बोलणं, पण ते टाळताच येत नाही, गप्प राहिलात तर नंबर जातो. त्यानंतर वाट बघताना शेजारची बाई टोमॅटोच्या भावावर काहीतरी पुटपुटतेच. रोज त्याच ठेल्यावर जा, रोज थोडंसंच घ्या. दुसऱ्या आठवड्यात विक्रेता तुम्हाला ओळखतो, तिसऱ्यात चौकशी करतो. दोन सफरचंदांच्या किमतीत याहून चांगली शिकवणी मला माहीत नाही.

संध्याकाळसाठी सार्वजनिक ग्रंथालयाची पाटी बघा. सोप्या स्पॅनिशमधल्या पुस्तकांचे वाचन गट अनेक ठिकाणी असतात. तुमच्या वयाची माणसं तिथे भेटतात, एका पुस्तकाबद्दल बोलायचं असल्यामुळे विषय शोधावा लागत नाही, आणि सगळे एकेक करून बोलतात. कानाला ते फार सोयीचं. गाणं येत असेल तर एखादा हौशी गायनवृंद. भाषा-अदलाबदलीच्या भेटी, ज्यांना ‘इंतेरकांबियो’ म्हणतात, त्या बहुधा रात्री दहाला गोंगाटी बारमध्ये असतात. एकदा गंमत म्हणून जा.

परीक्षेचं विचाराल म्हणून सांगते. स्पेन सरकारच्या सेर्वान्तेस संस्थेची ‘देले’ ही स्पॅनिशची परीक्षा एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्राला मुदत नाही, ‘सिएले’ या दुसऱ्या परीक्षेचं मात्र पाच वर्षांपुरतं. तुम्हाला ना नोकरी मिळवायची ना नागरिकत्व. त्यात परीक्षांचं वारं तुम्हाला आधीच पुरेसं लागलंय. या खेपेला परीक्षा नको.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेन भागात, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत, अल्प मुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि उतरल्याचा दिवस नि निघाल्याचा दिवस दोन्ही मोजले जातात. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस, वर बार्सिलोनासाठी सहा उरले. त्याहून जास्त राहायचं तर स्पेनचा विद्यार्थी व्हिसा काढावा लागतो, आणि त्याला शाळेची निवड, विमा, पैशांचा पुरावा असं सगळंच जास्त लागतं. तुमच्या बाबतीत कोणता अर्ज करायचा हे वकिलातीकडून लेखी घ्या, शाळेच्या किंवा एजंटाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. औषधं मूळ चिठ्ठीसकट पूर्ण मुदतीची न्या.

पैसे भरताना बाराही आठवडे एका शाळेत गुंतवू नका, सवलत कितीही दाखवली तरी. व्हिसासाठी पूर्ण मुदतीची नोंदणी दाखवावी लागत असेल तर रद्द केल्यास किती पैसे परत मिळतात ते करारात वाचा, तेवढं तर तुम्ही झोपेतही वाचाल. नाहीतर आधी चार आठवडे भरा. नवे वर्ग सोमवारी सुरू होतात आणि मुदत वाढवून मिळणं, निदान सुट्टीचा हंगाम नसताना, सोपं असतं. चौथ्या आठवड्यात घर पटलं नाही तर घर बदला, शाळा पटली नाही तर शाळा. आणि मैत्रीण तेव्हा फ्लॅटचा विषय पुन्हा काढेल, तिला नाही म्हणा.